दोरा बांधलेली अकरा वांगी

१३ जून १९८८ रोजी आमच्या शाळेच्या शेती मंडळाच्या खात्यावर दोनशे चौदा रुपये पस्तीस पैसे जमा होते. मंडळ म्हणजे आठवी-नववीची चोवीस मुलेमुली, शाळेमागचा बारा गुंठ्यांचा तुकडा आणि उखर्डू नाना.

चाळीसगावपासून अकरा किलोमीटरवरच्या या शाळेत मी मुख्य लिपिक आहे. निवृत्तीला दोन वर्षे राहिली आहेत. नाना आमचा अर्धवेळ शिपाई. आधीची दोन मुले दगावली म्हणून आईने याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवून पुन्हा उचलले, तेच नाव दाखल्यावर लागले. घंटा द्यायची, माठ भरायचे, वर्ग झाडायचे, असे सतरा वर्षे अर्ध्या पगारावर चालले होते. त्या जूनमध्ये जिल्ह्याहून पत्र आले. ज्या शाळेचे शेती मंडळ वर्षभर चालेल आणि पुढच्या वर्षाचे बी आपल्याच वाफ्यातून धरील, त्या शाळेला पूर्णवेळ माळी-शिपायाची एक जागा मिळणार होती. उमेदवार पंचेचाळीसच्या आतला हवा होता. नानाला १ जून १९८९ ला पंचेचाळीस पूर्ण होणार होती. हे मी त्याला हिशेब करून सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही ना, भाऊसाहेब?" मी हो म्हटले.

त्याने भरताची वांगी लावायची ठरवली. जूनअखेर रोप टाकले, जुलैत लागण केली. दर सोमवारी प्रत्येक मुलाने घरून एक टोपले शेणखत आणायचे. पहिल्या सोमवारी फक्त चार टोपली आली. नाना मुलांना म्हणाला, "भाकर खावाले हात शेतस, शेण उचलाले नहीत का?" पुढच्या सोमवारी तेवीस आली. चोविसावी मुलगी तापाने पडली होती.

ऑक्टोबरपासून तोडा सुरू झाला. शनिवारच्या बाजारात मुले पाळीपाळीने बसत. तराजूत झुकते माप द्यायचे नाही, असे मी सांगितले होते. नाना देतच असे. डिसेंबरच्या मध्याला त्याने बियाण्यासाठी झाडांवरची अकरा उत्तम वांगी निवडली आणि त्यांच्या देठांना लाल दोरा बांधला. ती पिवळी होईपर्यंत झाडावरच राहणार होती. त्यांना मुलांनी बोटसुद्धा लावायचे नाही.

जिल्ह्याच्या साहेबांची तपासणी सोमवार, २६ डिसेंबरला ठरली होती. साहेब शनिवारी, २४ तारखेलाच आले. बारा वाजता जीप दारात उभी. बाजाराचा दिवस, त्यामुळे पहाटेच सगळा माल तोडून गेलेला. झाडांवर उरली ती दोऱ्याची अकरा आणि बोटाएवढी किडकी पिल्ले. मुख्याध्यापक साहेबांना खोलीत घेऊन बसले आणि मला हळूच म्हणाले, "जेवणाचं बघा."

आमच्या भागात मार्गशीर्षात वांग्याच्या मळ्यावर आलेला माणूस भरीत खाल्ल्याशिवाय परत जात नाही. मी मळ्यात गेलो तर नाना कापसाच्या पऱ्हाट्यांचा जाळ करून बसलेला, आणि टोपलीत ती अकरा वांगी.

नववीची एक मुलगी रडवेली होऊन ओरडत होती, "नाना, ह्या ते बियाना वांगा शेतस!"

"माले माहीत शे. पन पाव्हना उपाशी जाई का मंग?"

मी म्हणालो, "नाना, अरे बाजारातून दोन किलो परत आणवली असती."

त्याचा हात थांबला. हे त्याला सुचलेच नव्हते. तोवर पाच वांगी जाळात होती आणि उरलेल्या सहांचे देठ तुटलेले होते.

साहेबांनी तीन भाकरी खाल्ल्या, बोटे चाटली, आणि हात पुसत विचारले, "आता बियाण्याची फळं दाखवा."

मुख्याध्यापक माझ्याकडे बघू लागले. शेवटी नानाच म्हणाला, "सायेब, तुम्ही आत्ताच खाल्ली ती."

साहेबांनी आधी त्याच्याकडे, मग ताटाकडे पाहिले. हसावे की रागवावे हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी वहीत लिहिले, "बियाण्याची फळे: नाहीत." मग म्हणाले, "दिसलं तेच मी लिहिणार. पण अंतिम अहवाल एकतीस मार्चला जातो. त्याआधी एकदा येईन."

नानाची बायको भिकुबाई भाकरी घेऊन आली होती. जीप जाताच तिने त्याला शब्दांनी झोडपले, "आते काय पेरशात? सायेबना ढेकर?"

नानाने दुसऱ्या दिवसापासून झाडे छाटली, नवे फुटवे येऊ दिले. नव्या फुलांतून पुन्हा अकरा फळे धरली. या वेळी दोरा बांधला नाही. भिकुबाईने चिंध्यांच्या पिशव्या शिवून प्रत्येक फळावर चढवल्या आणि तोंडे गाठ मारून बंद केली. फेब्रुवारीत विहीर आटली. मुले डालड्याच्या डब्यांनी हातपंपावरून पाणी आणू लागली, प्रार्थनेआधी दोन खेपा आणि सुटल्यावर दोन. तरी चार फळे गळाली. सात राहिली.

साहेब २८ मार्चला आले. सातही फळे पिवळी झाली होती. त्यांच्यासमोर नानाने ती कापली, गर पाण्यात चोळला. हलके बी वर तरंगले, भरीव तळाशी बसले. साहेबांनी बादलीत वाकून पाहिले आणि वहीत लिहिले. मुख्याध्यापकांनी जेवणाचे विचारताच ते म्हणाले, "नको, नको. आज मी घरून जेवून निघालोय." मुले इतकी हसली की नानालाही हसू आले.

नेमणुकीचा आदेश २३ मे रोजी आला. शाळेला सुटी होती, म्हणून मीच तो घेऊन नानाच्या घरी गेलो. वाचून दाखवला. नाना ओट्यावर बसला आणि त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

भिकुबाई म्हणाली, "भाऊसाहेब, आखो एकदा वाचा ना."

मी पुन्हा वाचला. पंचेचाळिशीला नऊ दिवस बाकी ठेवून काम झाले होते. मलाही बरे वाटले, कारण त्या शनिवारी बाजारात माणूस पाठवायचे मलाही वेळेवर सुचले नव्हते.

नानाने मगनच्या हॉटेलातून अर्धा किलो पेढे आणून गल्लीत वाटले. सोळा रुपये झाले. त्याने पाच दिले. मगनचे अकरा रुपये अजून द्यायचे आहेत.