पौषातला ताण

आमच्या सौंसरकडे संत्र्याच्या झाडाला आधी उपाशी ठेवावं लागतं, तेव्हा ते फळ देतं. थंडी पडली की पाणी तोडायचं. झाड मलूल होतं, पानं पिवळी पडून गळायला लागतात, आणि नेमकं तेव्हाच पाणी सोडायचं. मग डोळे निवतील असं फूल येतं. याला ताण देणं म्हणतात. पाणी लवकर सोडलं तर बहार फुटत नाही, उशीर झाला तर झाडच हातचं जातं. माझ्या सासऱ्यांचा, मामाजींचा, यात हात धरणारा कोणी नव्हता. पार लोधीखेड्याचे बगीचेवाले पौषात आमच्या ओट्यावर यायचे, "काका, पाणी सोडू का आता?" मामाजी त्यांच्यासोबत जायचे, एक पान तोडून बोटांत चुरायचे आणि सांगायचे. घरी येऊन मग दिवसभर तोऱ्यात असायचे.

सासूबाई गेल्या आणि मामाजी एकटे पडले. आम्ही नवराबायको आणि लेक तोवर मेलबर्नला राहायला गेलो होतो. यांनी एकच धोशा लावला, बाबांना इकडेच आणू. बगीचा विकला, घराला कुलूप घातलं. माझं माहेर पांढुर्णा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकमेकांना दगडं मारणारं गाव आमचं, तोंड बंद ठेवणं मला जमतच नाही. मी म्हटलं, "अवो, बुढ्या माणसाले कुठी उपटून नेता? मोठं झाड हाये ते, रोप नाई." तर मलाच ऐकवलं, "तुले नोको असन तर तसं सांग ना." आता यावर सुनेनं काय बोलावं? कपाळ माझं!

मामाजी तिथे येऊन मुके झाले. आम्ही कामावर, लेक शाळेत, ते खिडकीपाशी. रस्त्यावर चिटपाखरू दिसायचं नाही. एकदा फिरायला गेले, सगळी घरं सारखी, आपलं घर सापडेना; कोणीतरी हाताला धरून आणून सोडलं. त्यानंतर त्यांनी चप्पलच घातली नाही. ताटात वाढलेलं तसंच राहायचं. सदरा अंगावर लोंबायला लागला. कामावरून परत येताना मी दाराला किल्ली लावायला भ्यायची. हा माणूस इथे जगतो की नाही, घरात दुसरा विषयच उरला नव्हता.

मग आम्ही घर बदललं, आणि या घराच्या मागच्या अंगणात संत्र्याचं झाड निघालं. घरमालकीण इटलीहून तरुणपणी आलेली म्हातारी, शेजारच्याच घरात राहायची. ते झाड तिनं आणि तिच्या नवऱ्यानं लावलेलं. नवरा आता नव्हता. मामाजी त्या झाडाखाली गेले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला मोठ्यानं हाक मारली. "सूनबाई, इकडं ये! याले कोणी कधी ताण देल्ला नाई वाटते. पाह्य, नुसतं पाल्यानंच भरलं."

त्या दिवशी ते पोटभर जेवले. मला इतकं बरं वाटलं की त्यांनी सगळं अंगण खणलं असतं तरी मी 'हो' म्हटलं असतं.

पौष लागला तसं मामाजींनी झाडाखालची पाण्याची नळी काढून गुंडाळून ठेवली. "कोणी पाणी टाकू नोका. ताण बसून राहिला." पानं पिवळी पडली. मामाजी खूश. नातीला मांडीवर घेऊन पान कसं चुरायचं ते दाखवायचे, ती खिदळायची. मग गरम वारा सुटला; तिकडे डिसेंबर-जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. पारा बेचाळीसच्या वर, आम्ही घरात पडदे ओढून बसलेलो आणि झाड बाहेर उन्हात. संक्रांतीला मी तिळगूळ केला आणि मामाजींनी पाणी सोडलं. रोज सकाळी जाऊन फांद्यांवर कळ्यांचे डोळे फुटले का पाहायचे. शेवटी एक फांदी वाकवून पाहिली, ती कडकन मोडली.

ते खालीच बसले. "महिना पौषाचा," म्हणाले, "अन् ऊन वैशाखाचं. मले दिसून राहिलं होतं वो बाई. अंगातून घाम गळून राहिला होता, तरी मी पौषच धरून बसलो."

घरमालकीण महिनाभर बहिणीकडे गेलेली; परत आली तेव्हा खूप ओरडली, मग खोडाला हात लावून रडली. मामाजींनी मला विचारलं, "काय म्हणते ते?" मी म्हटलं, "काही नाई, उन्हानं गेलं म्हणते." "खोटं नोको बोलू," ते म्हणाले. तिनं माणूस बोलावून झाड तोडलं, तेव्हा ते शेवटपर्यंत तिथेच उभे राहिले.

त्यानंतर एकच बोलणं, "मले सौंसरले ने." यांना सुट्टी मिळेना. पुढच्या डिसेंबरात मीच लेकीला आणि त्यांना घेऊन निघाले. विमानात मामाजी माझ्या कानाशी म्हणाले, "माझं वापसीचं तिकीट फाडून टाकजो. मी काही आता येत नाई." मी म्हटलं, "फाडते." खरंच फाडणार होते, मग घरात काय महाभारत व्हायचं ते होवो.

नागपूरहून सौंसरच्या बसमध्ये बसले आणि त्यांना कंठ फुटला. कंडक्टरशी काय बोलले, रस्त्यावरच्या संत्र्याच्या ढिगांना काय नावं ठेवली! घराचं कुलूप उघडलं, ओटा झाडला, आणि आठवड्याच्या आत आमचा बगीचा घेणारा माणूस दारात उभा. "काका, लय दिवसानं आले. चाला न बगीच्यात. ताण बसला का पाहून द्या. पाणी सोडू का आता?"

मामाजी टोपी घालून निघाले. मी आणि लेक मागे. झाडं मलूल झालेली, खाली पिवळी पानं. त्यांनी एक पान तोडलं, बोटांत चुरलं. मग वर सूर्याकडे पाहत राहिले. पुन्हा एक पान तोडलं. तेही चुरलं.

"मले नाई समजत, बापू."

"थट्टा करता काय काका?"

"दुसऱ्या कोणाले विचार." चुरलेलं पान त्यांनी खाली टाकलं आणि घराकडे वळले. मी काहीबाही बोलत राहिले, ऊन आहे, थकवा असेल, उद्या पुन्हा येऊ. ते थांबले नाहीत. ओट्यापाशी आले, बसले मात्र नाहीत. दार धरून उभे राहिले आणि मला विचारलं, "सूनबाई, वापसीचं तिकीट कवाचं हाये आपलं?"