शाळेचा माड

कणकवलीच्या एस.टी. स्टँडवर मी पत्रकं वाटत होतो. मिठबावची गाडी आली आणि ओळखीचा कंडक्टर खाली उतरून म्हणाला, "अरे, तुमचे नाना गेले... सकाळीच." मी हातातलं पत्रक समोरच्या माणसाला दिलं. त्याच्या मागच्यालाही दिलं. गठ्ठा संपेपर्यंत वाटत राहिलो. रडू आलं नाही. महिना उलटला, अजून येत नाही.

नाना आमचे शेजारी. मुंबईतली टपालखात्याची नोकरी संपवून गावी परतले, त्याच पावसात शाळेचं छप्पर खाली आलं. मुलं देवळाच्या मंडपात बसू लागली. मोठ्या मुलींना लांबच्या शाळेत कोण धाडणार? त्या घरीच राहिल्या. तालुक्याची कचेरी म्हणे, प्रस्ताव वर गेला आहे. वर म्हणजे कुठे, ते कोणी सांगत नव्हतं. मी सायक्लोस्टाइल पत्रक काढलं, 'जाहीर निषेध'. नानांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं. "निषेध बरो आसा. पण शाळेचा दार खंय करूचा, ता खंय लिवलंस?"

ओहोटीला त्यांनी सगळ्या गावाला किनाऱ्यावर बोलावलं. ओल्या वाळूत काठीने वर्ग आखला, खरा होणार तेवढाच मोठा, आणि म्हणाले, "आत येवन बसा." माणसं हसली, पण बसली. समुद्राकडच्या दारापाशी बसलेल्या शेवंतीकाकी ओरडल्या, "नाना, हंयसून पावसाची झड पोरांच्या आंगार येतली. दार उगवतीक करा!" नानांनी पायाने दार पुसलं. कचेरीतला कुठला साहेब असा आपल्या नकाशात जाऊन बसला होता? एकही नाही, हे मी आजही छापून द्यायला तयार आहे.

वर्गणीचं नाव निघालं की सभा फुटायची. म्हणून ठरलं, प्रत्येक घराने एक माड शाळेला द्यायचा. बुंध्याला गेरूचा पट्टा. त्याचे नारळ घरात न्यायचे नाहीत, ते विकून भिंतींना चिरे आणायचे. शेजारच्या भाईंनी कधीच नारळ न धरणारा माड दाखवला. नाना म्हणाले, "भाई, दितंस काय शाळेच्या गळ्यात मारतंस?" आणि स्वतःच्या विहिरीवरच्या, सगळ्यात जास्त धरणाऱ्या माडाला आधी पट्टा ओढला. भाई गुपचूप दुसऱ्या माडाकडे वळले.

एक वर्ग उभा राहिला, दार उगवतीला. मुली परत आल्या. दुसऱ्या वर्गाचा पाया घातला आणि नाना गेले. कचेरीतून माणूस आला, म्हणाला, त्यांच्या नावाची पाटी लावा. मला संताप यायला हवा होता... तोही आला नाही. एवढंच वाटत राहिलं, आता एकेक माड परत घरोघरी जाणार, आणि पाया तसाच राहणार.

तेराव्याच्या आदल्या दिवशी नारळ हवे होते. मुंबईहून आलेल्या नानांच्या मुलाने विहिरीवरच्या माडावर माणूस चढवला. नानी मागल्या दाराने बाहेर आल्या.

"उतर रे खाली. तो शाळेचो."

"आई, बाबांच्याच तेराव्याक..."

"तेंच्याच म्हणान सांगतंय."

नारळ भाईंच्या घरून आले.

मग नानींनी गेरूचं डबडं माझ्या हातात दिलं. पावसाने पट्टा पुसट झाला होता. दरवर्षी नाना तो नव्याने ओढत. "सरळ लाव," नानी म्हणाल्या, "वाकडो लावलंस तर ते बोलतले."

पट्टा वाकडाच लागला. मी बराच वेळ तिथेच उभा राहिलो... कोणी बोललं नाही.