तिच्याच हाताने सुरू होणारा बोर्ड

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्यातल्या धाकटीने मला तिचा पंज्याएवढा कॉम्प्युटर दाखवला. लाल दिवा लागतो आणि पुढे काहीच होत नाही, म्हणाली. त्याच दिवशी आणलेला दादाचा मात्र लगेच सुरू झाला होता. तिचा राग मशीनवर नव्हता, दादावर होता. असं जळू नये, म्हणून तुमची आई तिला समजावत होती.  मला जे सांगायचं होतं ते फोनवर मावण्यासारखं नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या मशीनमधलं मला काही कळत नाही. तो राग मात्र चांगला कळतो.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी नागपुरात मुलींच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होते. त्या वर्षी आमच्याकडे एक कॉम्प्युटर आला. त्याला पडदा नव्हता, खोकं नव्हतं. हिरव्या पाटीवर चिपा बसवलेल्या, कोपऱ्यात कॅल्क्युलेटरसारखी बटणं आणि वर लाल आकडे उमटायची छोटी पट्टी. सोबत वीज पुरवणारा एक डबा. आम्ही त्याला नुसतं 'बोर्ड' म्हणायचो. पुढच्या वर्षापासून मायक्रोप्रोसेसर हा नवा विषय सुरू व्हायचा होता, आणि तो मीच शिकवणार हे मी गृहीत धरलं होतं. विभागात माझ्याइतकी जुनी दुसरी कोणी नव्हती.

प्राचार्यांनी पुण्याच्या प्रशिक्षणाला पाठवलं ते दुसरीलाच. ती उमरेडच्या विणकर घरातली, नोकरीला लागून दोनच वर्षं झालेली. बी.एस्सी.ला ती माझ्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. मी विचारायला गेले तेव्हा प्राचार्य म्हणाले, "तुमची मुलं शाळेत, सासूबाई आजारी. तुम्हाला कशाला त्रास?" मला त्रास होईल का, हे मला आधी कोणी विचारलंच नव्हतं.

ती पुण्याहून परतली. बोर्डासाठी प्रयोगशाळेशेजारची खोली रिकामी झाली, दारापाशी चपला काढायचा नियम झाला. कॉम्प्युटरला गारवा लागतो असं सगळ्यांनी ऐकलेलं, म्हणून खिडकीला वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर बसला. मार्च संपत आला होता. कॉलेजात कूलर असलेली दुसरी खोली एकच, प्राचार्यांची.

बोर्ड तिच्या हाताने सुरू व्हायचा. माझ्या हाताने व्हायचा नाही.

तुम्ही हसाल, पण अगदी असंच होतं. दुपारचे तास संपले की मी त्या खोलीत जायची, बटण दाबायची, आणि पट्टीवर अर्धेमुर्धे लाल आकडे थरथरत राहायचे. रीसेट दाबलं की तेच. मग ती यायची, खुर्ची ओढून बसायची, एकदा रीसेट दाबायची आणि पट्टीवर ठरलेली अक्षरं स्वच्छ उभी राहायची. मुली टाळ्या वाजवायच्या. तिला त्या 'ताई' म्हणत, मला 'मॅडम'.

"तुमच्या हाताले भिऊन राहिला तो, मॅडम," ती एकदा म्हणाली. "आम्हीपण भ्यायचो तुम्हाले."

मुली खिदळल्या. मी म्हटलं, "भीतीनं का होईना, पास झालीस ना?"

घरी आल्यावर दोन दिवस मला तिचं ते वाक्य ऐकू येत होतं.

मी मॅन्युअल घरी नेलं. ते इंग्रजीत होतं, आणि माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालेलं. निदान तिथे तरी मी तिच्या पुढे होते. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं आणि तपासायच्या गोष्टींची यादी केली. एका सकाळी तास सुरू होण्याआधी जाऊन डब्यातून येणारी वीज मीटरने मोजली. पाच व्होल्ट, हवे तेवढेच. त्यावर खूण केली. मग दिवसागणिक एकेक चिप अंगठ्याने तिच्या जागेत नीट दाबली, तारा पाहिल्या, बटणं पुसली. दुपारी सुरू करून पाहिलं की तेच अर्धे आकडे. एकदा खूण केलेली गोष्ट पुन्हा तपासायची मला सवय नाही. अजूनही नाही.

मग मी बोर्ड तपासायचं सोडलं आणि तिला तपासू लागले. दाराच्या काचेतून बघायची. कोणत्या हाताने बटण दाबते, किती वेळ दाबून धरते, आधी डबा लावते की आधी बोर्ड. तिची बोटं लांब आणि हलकी होती, तुटलेला धागा सांधायला शिकलेली. त्या बोटांचासुद्धा मला हेवा वाटायचा. तिची साडी, तिची मोपेड, तिला बघून मुलींचे उजळणारे चेहरे, यातलं काही सुटलं नाही. प्रताप नगरच्या घरापर्यंत रिक्षात बसून मी याच याद्या करत जायची.

एका दुपारी ती आत आली आणि रोजच्यासारखा आधी कूलर बंद केला. "मले सर्दी होते या हवेनं," ती मुलींना म्हणाली. हे मी कितीदा ऐकलं होतं. त्या दिवशी मात्र मी काचेला डोळा लावून होते, आणि कूलर थांबताच डोक्यावरची ट्यूबलाइट उजळलेली मला दिसली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी मीटर घेऊन बसले. कूलर चालू केला. डब्यातून पाच व्होल्ट येईनात, काटा साडेतीनच्या आसपास लटपटत होता. कूलर बंद केला, काटा पाचावर. त्या खोलीला एकच जुनी, बारीक वायर आली होती आणि कूलर तिच्यातली सगळी वीज ओढून घेत होता. मी सकाळी मोजलं तेव्हा कूलर लागलेलाच नव्हता; दुपारी मात्र तो चालूच असायचा. रीसेट दाबलं. लाल अक्षरं उभी राहिली, माझ्या हाताने.

मी कोणालाच सांगितलं नाही.

विद्यापीठाची समिती एप्रिलमध्ये यायची होती. बोर्ड चालताना दिसला तरच कॉलेजला विषय मिळणार होता, आणि जी चालवून दाखवेल तिच्याकडे तो जाईल, असं प्राचार्यांनी स्पष्ट केलं होतं. चालवून दाखवायला त्यांनी तिला सांगितलं.

समिती भर दुपारी आली. चपला काढून सगळे आत दाटीवाटीने उभे राहिले. ती टेबलाशी बसली. तेवढ्यात शिपाई म्हणाला, "पाहुणे घामानं भिजून राहिले, कूलर काहून बंद ठेवला?" आणि त्याने तो लावून टाकला. पाहुण्यांसमोर नको म्हणणं तिला जमलं नाही.

अर्धे लाल आकडे. तिने रीसेट दाबलं. पुन्हा तेच. पुन्हा दाबलं. तिच्या मानेवर घाम आला होता, गार हवा थेट अंगावर येत असताना.

"याला ऊन बाधलं वाटतं," समितीतले एक वयस्क गृहस्थ म्हणाले आणि दोघेतिघे हसले. प्राचार्य माझ्याकडे पाहू लागले.

ज्या क्षणाची मी वाट पाहत होते तो हाच. मी सरसावले. कूलर बंद करायचा, टेबलाशी यायचं, तिला बाजूला व्हायला सांगायचं आणि स्वतः रीसेट दाबायचं, एवढंच करायचं होतं. पण कूलरचं बटण होतं खिडकीपाशी, खोलीच्या दुसऱ्या टोकाला. माणसांतून वाट काढत मी तिथे गेले, कूलर बंद केला आणि वळले. मी टेबलापर्यंत पोचायच्या आत तिने आणखी एकदा रीसेट दाबलं होतं.

टाळ्या माझ्या कानावर आल्या तेव्हा मी दोन पाहुण्यांच्या मध्ये अडकले होते.

"हाताला गुण आहे हिच्या," ते गृहस्थ म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "कूलर थांबवलात ते बरं केलंत बाई. काही ऐकूच येत नव्हतं."

विषय कॉलेजला मिळाला आणि तिला मिळाला.

जूनमध्ये वर्ग सुरू झाला तेव्हा मुलींच्या हातात बोर्ड रोज अडू लागला. उकाड्याने त्या कूलर लावत. एक दिवस ती माझ्यासमोर येऊन बसली. "मॅडम, तुम्ही मॅन्युअल सगळं वाचलं. काय होऊन राहिलं ते सांगा."

मी तिला खोलीत नेलं आणि मीटर लावून दाखवलं. ती काट्याकडे बघत राहिली.

"म्हणजे त्या दिवशी तुम्हाले माहीत होतं."

"हो."

"मले वाटलं, माझ्या हाताचीच सवय झाली त्याले." ती थोडं हसली. मग म्हणाली, "पुण्याहून आल्यावर तुम्ही मले एकदाही काही विचारलं नाही."

तिलाही कोणी विचारायला हवं होतं, हे मला तेव्हा नवीन होतं. तरी हेवा गेला नाही. तिने तो विषय निवृत्त होईपर्यंत शिकवला आणि चांगला शिकवला. मुली अजून तिच्या घरी जातात, हे मला दर दिवाळीला कोणी ना कोणी सांगतंच.

त्या दिवशी मी एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'कूलर बंद करूनच बोर्ड सुरू करावा', आणि दारामागे लावलं. खाली नाव घातलं नाही. पुढे वायर बदलली, बोर्ड भंगारात गेला, कूलरही गेला. मागच्या वर्षी कॉलेजात गेले होते. पुठ्ठा अजून तिथेच आहे.