मनगट वाकलं की मूठ सुटते

लग्नाला दीड महिना उरला असताना माझ्या उजव्या हाताचं प्लास्टर निघालं, आणि आतून जे बाहेर आलं ते पाहून मीच किंचाळले. पडवळ! पांढरं, सुरकुतलेलं, वाळकं पडवळ. डॉक्टर म्हणाले, हाड झकास जुळलंय. मी त्यांच्यासमोरच पाण्याचा पेला उचलायला गेले, तो माझ्या मांडीवर रिकामा झाला.

हात मोडला तो कारखान्याच्या बसमधून उतरताना. खरं सांगायचं तर बस थांबायच्या आधी उतरताना. यशवंतपूरच्या पलीकडे एका कारखान्यात मी तांब्याच्या बारीक तारांची वेटोळी गुंडाळायचं काम करत असे. आम्ही वीस-बावीस मुली होतो, आणि डबे उघडले की असा काही हशा उसळायचा की सुपरवायझर दारातूनच परत फिरायचा. ते काम मला जिवापाड आवडायचं. पण होणाऱ्या सासऱ्यांनी बैठकीतच सांगून टाकलं होतं, "आमच्या सुना कारखान्यात जात नाहीत." वडिलांनी मान हलवली. मी हलवली नाही, पण माझ्याकडे बघतंय कोण!

एक फट मात्र होती. लग्नानंतर नवरानवरी सुपारी खेळतात. तिच्या मुठीतली त्याने एका हाताने सोडवायची, मग त्याच्या मुठीतली तिने दोन्ही हातांनी. सासरच्या घरात या खेळाला एक शेपूट होतं. नवरीने दोन्ही डाव जिंकले तर तिने सगळ्यांदेखत एक मागणं मागायचं, आणि सासऱ्याने ते नाकारायचं नाही. आजवरच्या सुनांनी साड्या मागितल्या होत्या, पाटल्या मागितल्या होत्या. मी काय मागणार ते मी कोणालाच सांगितलं नाही. अडचण एवढीच, की सुपारी उजव्या हातातच धरायची. आणि नवरा बॉल बॅडमिंटन खेळणारा. त्याचं मनगट माझ्या घोट्याहून जाड!

समोरच्या घरातल्या म्हाताऱ्या अण्णांनी उभा जन्म गल्लीतल्या तालमीत, म्हणजे आमच्या तोंडी गरडीत, पोरांना तयार करण्यात घालवला होता. मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

"अण्णा, मूठ घट्ट कशी करायची?"

"कुणाला मारायचंय?"

"नवऱ्याला."

"अगं, आधी लग्न तर होऊ दे!"

मी सुपारीचं सांगितलं. त्यांनी मला मूठ वळायला लावली, दोन बोटांनी माझा पंजा मनगटातून आत दाबला, आणि माझी बोटं वाळल्या शेंगेसारखी आपोआप उघडली.

"बघितलंस? मुठीशी कोण भांडतो? मनगट वाकलं की मूठ सुटते. तू मनगट सरळ ठेवायला शीक, सुपारी स्वतःला सांभाळेल."

मग त्यांनी आमच्या आईची कपडे वाळत घालायची काठी मागून घेतली आणि तिचा हातभर तुकडा कापला. आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

पहिला पंधरवडा नुसती काठी. हात कोपरापासून चौरंगावर टेकवायचा, पंजा कडेबाहेर, काठी मधोमध उभी धरायची. ती उजवीकडे झुकवत तळहात आभाळाकडे, मग डावीकडे झुकवत जमिनीकडे. दहा वेळा. मी घाई केली की अण्णा ओट्यावरून ओरडायचे, "ताक घुसळतेस का? सावकाश! दुखलं की तिथंच थांब." पुढे काठी मधून नाही, टोकाला धरायची. तेवढ्या बदलाने ती काठी अशी जड झाली की मी तिला शिव्या दिल्या. शेवटी काठीच्या मध्याला दोरी बांधली, दोरीला तांब्या. दोन्ही हातांनी काठी पिळत तांब्या वर आणायचा आणि तसाच पिळत खाली सोडायचा. "वर कोणीही नेतं," अण्णा म्हणायचे, "उतरवताना कळतं." तांब्याच्या जागी पुढे वरवंटा आला. शेजारची कानडी बाई कुंपणावरून म्हणाली, "एनम्मा, लग्नाच्या तयारीत हे काय?"

"ही नवऱ्याची तयारी, अक्का!"

लग्न लागलं, जेवणं झाली, आणि आम्हाला पाटावर समोरासमोर बसवलं. एकवीस मोजेपर्यंत मूठ टिकली पाहिजे. मोजायला नवऱ्याची आत्या. ती आधीच म्हणाली, "पोरीचा हात मोडका. पाचाच्या आत सुटेल."

नवरा हसत हसत पुढे झाला. आधी त्याने बोटं उचकटून पाहिली. मग त्याने बरोबर अण्णांचीच युक्ती केली: अंगठा माझ्या पंजाच्या पाठीवर, आणि दाबलं. मनगट हललं नाही. त्याचं हसू गेलं. पुन्हा दाबलं. चुड्यातली एक बांगडी वाढली, आणि आत्याबाई अडखळल्या. "चौदा... स्वल्प थांबा, चौदा झाले का?"

"झाले, झाले! सोळा!" माझी मावशी किंचाळली.

"पंधरा!" आत्याबाईंनी दुरुस्त केलं.

नवरा पुटपुटला, "सोड ना गं, सगळे बघताहेत."

"बघू देत की."

एकविसाला माझी मूठ होती तशीच होती. आता त्याची पाळी. मी बोटांच्या वाटेलाच गेले नाही. दोन्ही अंगठे त्याच्या पंजावर ठेवले आणि वरवंटा उतरवावा तसं सावकाश वाकवत नेलं. बाराव्या आकड्याला सुपारी उडाली ती थेट सासऱ्यांच्या पायाशी. नवरा आजही म्हणतो, मी मुद्दाम सोडली. दुसऱ्या दिवशी तो डाव्या हाताने चहा पीत होता, एवढंच मी नमूद करते.

"माग बाई," सासरे उदार चेहऱ्याने म्हणाले.

"मला कामावर जायचंय. कारखान्यात."

मांडवात कोणी पानसुद्धा चघळेना. सासऱ्यांनी घसा खाकरला. "असलं काही मागायची रीत नाही. दागिना माग, लुगडं माग..."

"रीत मागेल ते द्यायची आहे." हे सासूबाई बोलल्या. दिवसभरात मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला. "मी जिंकले तेव्हा मामंजींनी दिलंच की. नथ मागितली मी. माझी अक्कल तेवढीच. हिची जास्त आहे, यात तिचा काय दोष?"

बायकांमध्ये जो हशा पिकला त्यात सासऱ्यांचं पुढचं वाक्य बुडालं. ते पुन्हा म्हणाले, "सरी, बरं. पण महिनाभर तरी घरात राहा."

"आठ दिवस," मी म्हणाले.

त्यांनी एकदा लेकाकडे पाहिलं. तो मनगट चोळत होता. मग माझ्याकडे पाहिलं.

"आठ दिवस," ते म्हणाले.

नवव्या दिवशी मी कामावर हजर होते.