कोरडा दोर

नेकनूरच्या बसमध्ये त्या बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. मांडीवर फुटाफुटाला गाठ मारलेला दोर होता. त्या विज्ञानकथा लिहितात आणि गावोगावच्या विहिरी स्वतः मोजून तक्रारी करतात, हे अख्ख्या बसला ठाऊक होतं.

“माझ्या गोष्टीत मंगळावरच्या पाण्याचा आकडा चुकला, तर वाचक पत्र लिहून झापतात,” त्या कडाडल्या. “इथं सरकारी कागदावर कोरड्या विहिरीत बारा फूट पाणी दाखवलं, टँकर बंद केला, अन् कुणी जाब इचारत न्हाई! हात लावून बघा, दोर कुठं ओला हाय?”

मी हात लावला. टोकाला नुसती माती होती. ते बारा फूट मीच लिहिले होते, ऑफिसातल्या खुर्चीत बसून.

“तुमी काय करता?” त्यांनी विचारलं.

“शेती,” मी म्हणालो. जीभ झडली नाही माझी.