तांडेलाचं वाक्य

पोर्तुगीज कालिकतला उतरले त्याला पाचशे वर्षं झाली, म्हणून इंदापूरच्या आमच्या शाळेने स्नेहसंमेलनात त्यावर नाटक बसवायचं ठरवलं. इतिहास मी शिकवायचो, त्यामुळे लिहायचं काम माझ्याकडे आलं.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पुढची वाट त्यांना ठाऊक नव्हती, ती इकडच्याच एका तांडेलाने, जहाज हाकणाऱ्या नावाड्याने दाखवली, हे मला माहीत होतं. नंतर त्याच लोकांनी यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं, इथल्या नावाड्यांना स्वतःच्या समुद्रात फिरायला परवाने घ्यायला लावले, हेही. ते मी लिहिलंच नाही. तांडेलाला तेवढं एक वाक्य दिलं: "हा समुद्र आमच्या ओळखीचा आहे."

तांडेल झाली सातवीतली एक मुलगी. तिच्या घरचे भोई, उजनी धरणाच्या फुगवट्यात मासे धरणारे. बापाने नाटकासाठी आपली काहील आणून दिली. गूळ शिजवायची ती लोखंडी कढई हीच त्यांची होडी. पोर्तुगीजांना थर्माकोलचं जहाज होतं.

रंगीत तालमीला मुख्याध्यापक म्हणाले, "ते वाक्य काढा हो. त्या पाहुण्या कप्तानाच्या पाया पडू दे नुसती. आणि जरा रानटी दिसू दे."

मी काढलं. खोबरेल तेलात काजळीही मीच कालवली. संमेलनाच्या संध्याकाळी ती तिच्या तोंडाला फासलीही मीच.

तिचा बाप रंगपटात आला. "गुर्जी, पोर आदीच काळी हाय की, वर आनि हे कशापायी?" मग हसला. "वाट आमी दावायची आनि पाया बी आमीच पडायचं व्हय?"

"नाटक आहे हो," मी म्हणालो.

कप्तान झालेला पोरगा पावडर फासून पुढे आला. ती वाकली नाही. काहिलीत ताठ उभी राहून ओरडली, "ह्यो समुद्र आमच्या वळखीचा हाय!"

मांडवात हशा फुटला. घरी दिवसभर हाय-न्हाय करणारी माणसं मांड्या थोपटत हसली. "हाय म्हनं, हाय!" मीही तेच बोलत वाढलो होतो. त्या सगळ्यांची मला किळस आली, आणि त्याच क्षणी विंगेतून माझाच आवाज आला, "आहे म्हण, आहे!"

तिने माझ्याकडे पाहिलं. काजळीत डोळे तेवढे दिसत होते. "आहे," ती पुटपुटली आणि त्या पोराच्या पाया पडली.

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतून मुख्याध्यापक माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. त्या हसण्याची शिसारी अजून गेलेली नाही.