सायलीचा गुडघा आणि पैलवान आबा

निमोणे गावात कुणाचा पाय मुरगळला की तो लंगडत हौसराव आबांच्या ओट्यावर यायचा. आबा जुने पैलवान. तेल कोमट करून दोन्ही अंगठे असे रोवायचे की माणसाच्या ओरडण्यानं शेजारच्या म्हशी पान्हा चोरायच्या. पाय बरा झाला तर आबांचं कौतुक. नाही झाला तर आबा म्हणायचे, "त्याचं हाडच बेइमान हाय."

एकदा त्यांची नात सायली शाळेतून येताना सायकलवरून पडली. सातवीतली पोर, कबड्डीच्या संघातली. कुत्रं आडवं आलं, ती दुमडलेल्या गुडघ्यावर आपटली आणि बघता बघता गुडघा पपईएवढा फुगला. आबा तेलाची वाटी घेऊन आलेच.

"आबा, हात लावला तर चावीन."

त्यांनी लावला. ती चावली. शेवटी सायलीच्या आईनं, सवितानं, शेजारची पिकअप बोलावली आणि सायलीला नि आबांना शिरूरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी एक्स-रे दाखवला. "गुडघ्याच्या आत दोरासारखं लिगामेंट असतं. मोठ्या माणसाचं सहसा तेच तुटतं. मुलांचं हाड कोवळं, त्यामुळं हिचा दोर शाबूत राहिला, पण तो जिथं बांधलाय तिथला हाडाचा तुकडा उचकटला."

आबांचा चेहरा खुलला. "म्हंजी दावं तुटलं न्हाई, खुंटा उपटला! आमच्या घराण्यात दावी मजबूतच."

"तुकडा थोडाच हललाय म्हणून ऑपरेशन टळलं. गुडघा चोळला असता तर पंचाईत होती, आबा. आता आतलं रक्त काढून प्लास्टर घालू."

सुई आत गेली, सिरिंजमध्ये रक्त चढलं आणि धप्प आवाज झाला. सायली टकमक बघत होती. आबा फरशीवर होते.

परत येताना पिकअपमध्ये सायली गादीवर पाय लांब करून, शेजारी आबा ग्लुकोज पीत.

"गावात सांगू नगं. मी खाली बसलो व्हतो म्हण."

"बसला व्हता, पण आडवं."

दुसऱ्या दिवशी शेजारची भागुबाई झाडपाल्याचा लेप घेऊन आली. आबांनी तिला दारातच अडवलं. "प्लास्टरला हात लावायचा न्हाई. खुंटा धरतोय आत."

हाड सांधलं, प्लास्टर निघालं, पण गुडघा वाकेना. डॉक्टरबाईंनी टाच घसरवत मागं घ्यायचा व्यायाम दिला. सायली रडायची, "दुखतंय! आबा, तुम्ही करून दाखवा." आबा चटईवर आडवे झाले. पहिल्याच खेपेला त्यांचा गुडघा असा वाजला की मांजर पळालं. मग रोज सकाळी ओट्यावर दोघं टाचा घासत बसायचे. सायलीचा पाय पुरा वाकला, आबांचा निम्म्यातच अडकायचा आणि सायली त्यांना मास्तरणीसारखी रागवायची.

पुढच्या हंगामात डॉक्टरबाईंच्या परवानगीनं सायली कबड्डीच्या सामन्यात चढाईला गेली. आबांनी डोळे गच्च मिटले.

"सविता, पडली का गं?"

"न्हाई आबा, दोघींना बाद करून आली."

आबांनी डोळे उघडले. "अगं, मग डोळं उघडा म्हणून आधी सांगायचं न्हाई व्हय!"